वाघजाईच्या राईतली झाडं तोडायला निघालेल्या जीर्णोद्धार समितीला खुलं पत्र

प्रति,
देवस्थान जीर्णोद्धार समिती, मुंबई मंडळ, सगळे मानकरी आणि वाड्यावाड्यांचे गावकर

सप्रेम नमस्कार.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. संगमेश्वर तालुक्यातलं आहे एवढं पुरे, ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल. आणि खरं सांगू का, लांजा, राजापूर, खेड, मंडणगड, कुठल्याही गावातली एखादी सून हे पत्र असंच्या असं लिहू शकली असती, फक्त देवीचं नाव बदललं असतं. आमची वाघजाई, तुमची सोमजाई नाहीतर काळकाई, पण पीडीएफ सगळीकडे तीच.

तर त्या पीडीएफबद्दलच बोलायचंय. समितीने ग्रुपवर टाकली आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. चित्र छान आहे, नाही कोण म्हणतंय. आरसीसीचं देऊळ, वर उंच शिखर, समोर भलामोठा सभामंडप, बाजूला दोन मजली भक्तनिवास, पेव्हर ब्लॉक घातलेलं पार्किंग, चार कोपऱ्यांना हायमास्ट. देवळाच्या मागे निळंशार आभाळ दाखवलंय. आता मला सांगा, आपल्या देवळाच्या मागे आभाळ दिसतं का? तिथे बेहडा आहे, चांदकुडा आहे, सातवीण आहे, एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर गेलेली गारंबीची वेल आहे जिच्यावर आपली सगळ्यांची पोरं झोपाळा करून बसलीयत. चित्र काढणारा मुलगा बहुतेक कधी गावात आलाच नसेल, त्याला दोष देत नाही. पण तुम्ही तर दर शिमग्याला त्याच राईतून, देवीच्या नावाने राखलेल्या त्या रानातून, पालखी खांद्यावर घेऊन बाहेर पडता. चित्रातून राईच गायब आहे हे तुमच्यापैकी एकालाही दिसलं नाही?

दुसऱ्या दिवशी राईत गेले तर बुंध्यांवर लाल ऑइलपेंटने आकडे टाकलेले. चांदकुड्यावर ७. बेहड्यावर ११. सातवीणीवर आकडा टाकताना रंग सालीवरून ओघळून पार खालच्या पाषाणावर आलाय, ज्या पाषाणाला आपण राखणदार म्हणून नारळ देतो. तो पुसायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नाही.

हे सगळं मी मीटिंगमध्ये का नाही बोलले असं विचाराल. कुठल्या मीटिंगमध्ये बोलायचं? देवळाच्या सभेत बायका बसत नाहीत, आम्ही मागे चहा करतो. मंडळाची मीटिंग मुंबईत झाली आणि तिचा रिपोर्ट आम्हाला ग्रुपवर मिळाला, ग्रुप 'ओन्ली अ‍ॅडमिन'. आमच्या घरात पालखीचा मान आहे, माझे सासरे मानकरी म्हणून सभेला होते, त्यांनी एकदा तोंड उघडलं तर "तात्या, आता जुनं सोडा" म्हणून गप्प केलं. त्यामुळे हे इथे, सगळ्यांना वाचता येईल असं लिहावं लागतंय. कुणाचा अपमान करायचा नाहीये, तुमच्यातले निम्मे माझे दीर-भावोजी लागता आणि उद्या परत तुमच्याच दारात वाटीभर साखर मागायला यायचंय.

आधी कौलाचं बोलूया, कारण सगळ्यांचं तोंड तिथेच बंद होतं. "देवीने कौल दिलाय" असं सांगितलं जातंय. देवीला फुलांचे कळे लावले, उजवा पडला, विषय संपला. मी कौल मानते. घरात मूल आजारी पडलं, जमिनीचा वाद झाला, लग्न ठरेना, आपण सगळे तिथेच जातो. पण कौल मानायचा तर प्रश्न काय घातला ते पण सांगायला नको का? गुरवांनी घातलेलं गाऱ्हाणं सासऱ्यांनी कानाने ऐकलंय. "आई, तुझं नवीन देऊळ बांधायला लेकरं निघाली आहेत, मान्य असेल तर उजवी दे." एवढंच. "तुझी राई तोडू का" असं कुणी विचारलं नाही. "झऱ्याच्या वर जेसीबी घालू का" हे पण नाही. होळीसाठी एक झाड तोडायचं तरी आपण त्याला नारळ देतो, गाऱ्हाणं घालतो, मग कोयती लागते. इथे एवढी झाडं ठेकेदाराच्या नावाने धरली गेली आणि देवीला त्याची खबरच नाही. अर्धवट प्रश्न विचारून आलेलं उत्तर पूर्ण म्हणून गावाला सांगायचं याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे, तो इथे लिहीत नाही.

आता पाणी. इथे जरा थांबा आणि नीट वाचा, कारण मुंबईत बसून हे कळत नाही, तिथे नळ सोडला की येतं.

आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल लागला की तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांना टँकर लागतो. सगळं पाणी जांभ्यावरून धावत खाली खाडीला जातं. आपल्या तीन वाड्यांना टँकर लागत नाही, तो कशामुळे? राईच्या खालच्या अंगाला जी दगडी कुंडी आहे ना, तिच्या वरच्या फटीतून मेच्या शेवटापर्यंत पाणी येतं. धार बारीक होते, मनगटाएवढी असते ती करंगळीएवढी होते, हंडा भरायला वेळ लागतो, पण थांबत नाही. हात घातला तर गार. कुंडीच्या वरती पाय दिला तर पाय आत जातो इतका पाचोळा, खाली काळी ओली माती, तिच्याखाली मुळांचं जाळं. पाऊस तिथे जमिनीवर आपटत नाही, आधी पानांवर पडतो, मग पाचोळ्यावर, मग मुरतो. हे मुरलेलं पाणी आपण मेमध्ये पितो. नळपाणी योजनेची विहीर त्याच पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला खाली आहे, इंजिनियरने जागा बघितली तेव्हा राई बघूनच ती जागा धरली होती. आणि तुमच्या प्लॅनमध्ये पार्किंग नेमकं त्या पाचोळ्याच्या उतारावर आहे. सपाट करायचं, पेव्हर ब्लॉक घालायचे. जांभ्यात पाण्याची वाट कुठून कुठे जाते हे कुणालाच सांगता येत नाही, एकदा पायासाठी खणलं आणि ती वाट मोडली तर परत जोडून द्यायला कुठला ठेकेदार येणार आहे? वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला, गाड्या लावायला जागा पाहिजे म्हणून बाकीचे दिवस आम्ही डोक्यावर हंडे घेऊन फिरायचं का?

यातलीच पुढची गोष्ट. कुंडीचं पाणी आपल्या तीन वाड्यांवर संपत नाही. पऱ्या खाली बौद्धवाडीतून जातो, त्यांच्या परड्यातले आंबे-नारळ त्यावर आहेत, उन्हाळ्यात त्यांची कपडे-भांडी तिथेच होतात. वरच्या धनगरवाड्याची गुरं पण कुंडीच्या बाहेरच्या डोणीवर पाणी प्यायला येतात. या दोन्ही वस्त्यांना कुणी विचारलं? "देवळाचा विषय आहे, त्यांचा काय संबंध" असं उत्तर मिळालं मला. देवळाच्या मानपानात त्यांना कधी बसवलं नाही ते नाहीच, आता पाण्याच्या निर्णयातसुद्धा त्याच कारणाने बाहेर ठेवायचं? राई ही गोष्ट फक्त बारा मानकऱ्यांची असती तर ती कधीच संपली असती. पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही हा नियम धनगरांनी पाळला, बौद्धवाडीने पाळला, ज्यांना देवळात पहिली आरती कधी मिळाली नाही त्यांनी पाळला, चूल पेटवायला लाकूड कमी असताना पाळला. आणि मोडतोय कोण, तर ज्यांना मान आहे तेच.

मला जुन्या राहाटीचं फार कौतुक आहे असं समजू नका. राईत आम्हाला महिन्याचे चार दिवस पाय ठेवता येत नाही, पाण्याला लांबून वळसा घालावा लागतो. मानकऱ्यांच्या भांडणात पालखी किती वर्षं देवळाबाहेर निघाली नव्हती हे सगळ्यांना माहीत आहे. भीती घालूनच बरंचसं चालायचं, अमक्याने फांदी तोडली आणि त्याचा पाय सुजला वगैरे. ही भीती आताच्या पोरांना नाहीये आणि नसलेलीच बरी. पण भीती गेली म्हणून नियम पण गेला पाहिजे असं कुठे आहे? नियम चांगला होता. शंभर गोष्टींवर न जमणारं गाव एका गोष्टीवर एकत्र होतं, की या तुकड्याला कोयती लावायची नाही. हे आपण ठरवलं होतं आणि आपणच पाळत होतो, वनखात्याचा एक गार्ड नाही, एक बोर्ड नाही, तारेचं कुंपण नाही.

आणि हे काही फक्त आपल्या आजोबांचं वेड नव्हतं. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ हे शास्त्रज्ञ सह्याद्रीतल्या देवराया, म्हणजे आपल्यासारख्याच राया, फिरून नोंदवत होते, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी त्यांच्याकडे मदत मागितली होती. त्यांच्या राईवर वनखात्याची तोड येणार होती, आणि गावाचं म्हणणं होतं की राई गेली तर आमचा ओढा जाईल. तेव्हा कुऱ्हाड सरकारची होती आणि वाचवायला गाव उभं होतं. आज कुऱ्हाड आपली आणि वर पावतीबुक पण आपलंच.

माझी लेक रत्नागिरीला बॉटनी शिकते, ती सुट्टीत आली की राईत वही घेऊन बसते. तिच्याकडून मला कळलं की चांदकुड्यासारखं झाड आता कोकणात बाहेर शोधून सापडत नाही, जे काही राहिलंय ते बहुतेक देवरायांमध्येच. बाहेरची रानं खासगी, दर काही वर्षांनी विकली जातात, तोडली जातात, ट्रक भरून घाटावर जातात, परत फुटवा येतो, परत विकतात. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतं आहे, त्यामुळे म्हातारं झाड बघायचं तर देवाच्याच दारात जावं लागतं.

आणि म्हातारं झाड कशाला लागतं विचाराल तर अकरा नंबरच्या बेहड्याकडे बघा. वर जिथे मोठी फांदी तुटली होती तिथे ढोली आहे. त्यात गरुडाचं घर आहे. आपण गरुड म्हणतो, पुस्तकात धनेश. त्याला स्वतःला ढोली कोरता येत नाही, मोठ्या जुन्या झाडाला आपोआप पडलेलीच लागते. थंडी संपता संपता मादी आत जाते आणि दार आतून लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते, मग नर दिवसभर उंबर, वड, नांद्रुक असं काय काय गळ्यात भरून आणतो आणि एकेक फळ त्या फटीतून तिला देतो. तिची पिसं झडलेली असतात, तिला बाहेर येता येत नाही. नर मेला तर आत सगळे उपाशी. बेहड्याच्या बुंध्याशी त्या दिवसांत बियांचा खच पडलेला असतो, पोरं त्यावरूनच ओळखतात घर चालू आहे की नाही. आता तुमचं तोडीचं वेळापत्रक वाचा. "शिमगा झाल्यावर, पावसाळ्याआधी." म्हणजे ती आत बसलेली असताना. हे वाचून कुणाला काहीच वाटलं नाही तर माझ्याकडे दुसरा मुद्दा नाही.

पैशाचं आणि कागदाचं आता. हे मी जास्त लांबवत नाही पण विचारणार आहे. सातबाऱ्यावर जमीन देवीच्या नावाने आहे, खाली वहिवाटदारांची नावं आहेत. कायद्यात देव अज्ञान, वयात न आलेल्या पोरासारखा, धरतात, म्हणजे त्याच्या वतीने जे कारभार बघतात त्यांनी त्याच्या हिताचंच करायचं असतं, अज्ञान पोराची जमीन मामाने फुंकली तर आपण काय म्हणतो? लाकूड ठेकेदाराला देऊन त्या बदल्यात पायाचं काम करून घ्यायचं ठरलंय असं ऐकलं. किती घनमीटर लाकूड, काय भाव, कुठलं कोटेशन, काहीच ग्रुपवर आलेलं नाही, आलं ते फक्त वर्गणीदारांच्या नावांचं बॅनर. झाडतोडीला १९६४ चा कायदा आहे, परवानगी लागते, ती काढली आहे का? समिती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का? 'क' वर्ग तीर्थक्षेत्राचा निधी आणायचा म्हणून भक्तनिवास घातलंय असं एकजण म्हणाला. निधी यावा म्हणून भक्तनिवास, भक्तनिवास भरावं म्हणून पार्किंग, पार्किंगसाठी राई. आपल्या देवीला बाहेरून मुक्कामाला कोण येतं हो? आपलेच चाकरमानी येतात आणि ते आपापल्या घरी उतरतात.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. देऊळ गळतंय. वानरं कौलं फोडतात, वाशांना वाळवी लागलीय, दरवर्षी शाकारणीला माणसं लागतात आणि गावात हातावर मोजण्याइतके जवान उरलेत, बाकी सगळे विरार-दिवा-डोंबिवली. मुंबई मंडळातल्या काकांनी गिरणीत, गोदीत राबून वर्गणी काढून काढून या देवळाला उभं ठेवलंय, त्यांच्या मनात एकच आहे की आपण असेपर्यंत काहीतरी पक्कं व्हावं. शेजारच्या गावाने बांधलं, त्याचा ड्रोन व्हिडिओ फिरतोय, ते पण टोचतंय. सगळं मान्य. पण गळक्या छपराचा उपाय छपरात शोधा ना! आहे त्याच जोत्यावर, चांगल्या लाकडाने किंवा आत लोखंडी सांगाडा घालून वर कौलं, असं करणारे लोक आहेत, कितीतरी गावांनी केलंय, आणि आत गार पण राहतं. स्लॅबचं देऊळ एप्रिलमध्ये भट्टीसारखं तापतं हे शेजारच्या गावातल्या बायकांना विचारा, व्हिडिओत ते दिसत नाही.

काहीजण म्हणतील, एवढं आहे तर वनखात्याला देऊन टाका राई, तेच सांभाळतील. नको. ते मला अजिबात नकोय. ताडोबा हे नावच मुळी गोंडांच्या देवाचं, तारू नावाच्या गावप्रमुखाचं, वाघाशी झुंजताना गेला म्हणून तळ्याकाठी त्याचं ठाणं झालं. आज ते ठाणं नॅशनल पार्कच्या आत आहे आणि त्याच्याच माणसांना पौषात तिथे जायचं तर खात्याच्या नियमांतून जावं लागतं. जंगल राखायचं म्हणजे माणसं बाहेर काढायची, असा आपल्या देशात, आणि आफ्रिकेतल्या गरीब देशांत तर फारच, एक धडा गिरवला गेलाय. आपली राई त्या धड्यात बसत नाही, इथे माणसं आत होती म्हणून झाडं राहिली.

पण माणसांनी हात काढून घेतला की काय होतं ते पण बघा. शेजारच्या कर्नाटकात कोडगूत देवरकाडू म्हणजे त्यांच्या देवराया, १९०५ ते १९८५ या काळात त्यांचं क्षेत्र निम्म्याहून जास्त घटलं, कॉफीने आणि अतिक्रमणाने खाल्लं. पार तिकडे केनियाच्या किनाऱ्यावर मिजिकेंडा लोकांच्या 'काया' नावाच्या देवराया आहेत, तिथेही पोरं शहराकडे गेली, म्हाताऱ्यांचं कुणी ऐकेना, हॉटेलवाल्यांची नजर जमिनीवर. २००८ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून घेतलं, आणि तेसुद्धा गावच्या म्हाताऱ्यांना मध्ये ठेवून. जगाला ज्याची किंमत कळली ते आपल्या दारात फुकट आहे म्हणून आपण त्यावर आकडे टाकतोय. लांब कशाला जायचं, आपल्याच दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याला देवाची म्हणून राखलेल्या तुकड्यात रानजायफळाची दलदल आहे, सरकारने ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आणि १८ डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजस्थानच्या ओरण, म्हणजे तिकडच्या देवराया, मोजून नकाशावर आणा असं तिथल्या सरकारला सांगितलं, शिवाय सगळ्या देशातल्या देवरायांसाठी धोरण करा अशी केंद्राला शिफारस केली. म्हणजे कोर्ट म्हणतंय राखा, सरकार कुठे कुठे म्हणतंय राखा, आणि आपण आईच्या नावाने वर्गणी काढून तोडणार.

आता मागण्या. साध्या भाषेत लिहिते म्हणजे नंतर "आम्हाला तसं वाटलं नाही" असं कुणाला म्हणता येणार नाही.

१. तोड आजपासून थांबवा. ठेकेदाराला तसं लेखी कळवा आणि त्या पत्राचा फोटो ग्रुपवर टाका. ग्रुप दोन दिवस तरी सगळ्यांसाठी खुला करा.

२. ग्रामसभा बोलवा, देवळाची सभा नको. आधी महिला ग्रामसभा, ती कायद्यातच आहे, आणि ती खरी घ्या, घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या घेऊन नको. बौद्धवाडी आणि धनगरवाडा दोन्ही असल्याशिवाय या विषयावर ठराव नको, कारण ठराव पाण्याचा आहे.

३. पुन्हा कौल लावा. प्रश्न सगळ्यांसमोर मोठ्याने घाला, झाडांचा आणि झऱ्याचा उल्लेख करून. मी स्वतः तिथे बाहेर बसेन, आत यायचा हट्ट नाही, निदान या वेळी नाही. जो कौल येईल तो मी मान्य करेन, पण कायदा आणि ग्रामसभा कौलाच्या वर राहील, हे पण आधीच सांगून ठेवते.

४. देऊळ दुरुस्त करा, आहे त्याच जोत्यावर. सभामंडप हवाच असेल तर शाळेच्या पटांगणाशेजारी ग्रामपंचायतीची जागा पडून आहे, तिथे बांधा, लग्नाकार्याला, बचत गटाच्या मीटिंगला उपयोगी पडेल. गाड्या होळीच्या माळावर लागतात तिथेच लागू देत. भक्तनिवास रद्द.

५. राईची मोजणी करून हद्दीचे दगड लावा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात देवराई म्हणून नोंद करायचा अर्ज द्या. ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आहे, बोर्डावर नावं पण आहेत, त्यातल्या दोन बायकांना आपण त्यात आहोत हे माहीतच नव्हतं, मी विचारलं तेव्हा कळलं. त्या समितीने लोकजैवविविधता नोंदवहीत राई झाडानिशी लिहावी. लिहायला माझी लेक आणि तिच्या मैत्रिणी मेमध्ये येतील, चहा-जेवण माझ्याकडे.

६. आतापर्यंतचा जमाखर्च, वर्गणी, आर्किटेक्टची फी, ठेकेदाराशी काय बोलणं झालं ते सगळं नोटीस बोर्डावर लावा.

७. जीर्णोद्धार समितीत किमान तीन बायका घ्या. चहा आम्ही तरीही करू, पण खुर्चीवर बसून.

आणि तो लाल रंग. राखणदाराच्या पाषाणावरचा तरी स्वच्छ करा, टर्पेंटाइनचा डबा मी आणून ठेवलाय, गुरवांच्या ओटीवर आहे.

या पत्राची एक प्रत सोमवारी ग्रामपंचायतीत देऊन पोच घेणार आहे, एक तहसीलदारांना, एक वनक्षेत्रपालांना. पंधरा दिवसांत ग्रामसभेची नोटीस लागली नाही तर पुढचा अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे जाईल, तो लिहून तयार आहे. मुंबई मंडळातल्या ज्यांना हे पटतंय पण ग्रुपवर बोलता येत नाही त्यांनी मला सरळ फोन करा, माझा नंबर तुमच्या बायकांकडे आहे.

आपली,
पालखीच्या मानाच्या घरातली सून